एका जेवणाचे देणे

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली. सकाळी वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची मिस्सा झाली, दुपारी जवळच्या नातलगांसह घरी जेवण झाले, आणि समारंभ तेथेच संपला असे मी धरून चाललो होतो. परंतु मुलाने संध्याकाळचा बेत आम्हाला न सांगता आधीच ठरवून ठेवला होता. दक्षिण मुंबईतील एका मोठ्या हॉटेलातील इटालियन भोजनगृहात त्याने पाच जणांसाठी मेज राखून ठेवले होते. आम्ही दोघे, तो, सून आणि नात.

बँकेच्या नोकरीत असताना अशा ठिकाणी दोन-तीनदा जाणे झाले होते, पण ते कामाच्या निमित्ताने आणि दुसऱ्याच्या खर्चाने. आपल्या माणसाने आपल्यासाठी खिशात हात घालून नेण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. मंद दिवे, पांढरेशुभ्र मेजकापड, प्रत्येकासमोर दोन पेले आणि तीन तीन काटे, आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यावा अशी शांतता. खाद्यपदार्थांची यादी हाती आली तेव्हा जुन्या सवयीने माझी नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर गेली. नात मात्र ती परकी नावे मोठ्याने वाचण्यात रमली होती. त्यांतील एका नावापाशी मी थांबलो : पोलेंता. मक्याचा जाडसर रवा मंद आचेवर घोटून शिजवलेला, वर अळंबी आणि चीज. मी तेच मागवले.

पहिला घास तोंडात गेला आणि मी चमकलो. चव ओळखीची होती. अळंबी आणि चीज बाजूला सारले तर खाली उरत होत्या त्या चक्क कण्या. मराठवाड्यात ज्वारी भरडून, पाण्यात वा ताकात शिजवून ज्या कण्या करतात, त्यांच्याच कुळातला हा पदार्थ. धान्य वेगळे, देश वेगळा, पण घास तोच. वाढणाऱ्या तरुणाला मी विचारले, "तुम्ही हे कधी खाल्ले आहे का?" तो हसून म्हणाला, "नवा पदार्थ आला की आम्हाला एक एक चमचा चाखायला देतात, सर. गिऱ्हाइकाने विचारले तर सांगता यायला हवे ना!"

जेवण उत्तम झाले. बिघडले ते त्यानंतर. बिल आले तेव्हा मुलाने ते उघडले आणि मी शेजारून वाकून पाहिले. करांसह चौदा हजार दोनशे साठ रुपये. माझ्यातला बँकेचा माणूस जागा झाला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. मी मनात भागाकार केला, आणि तो मनातच ठेवण्याचे सोडून मोठ्याने बोलून दाखवला : "अठ्ठेचाळीस दिवस! एका मजुराची अठ्ठेचाळीस दिवसांची मजुरी आपण दोन तासांत खाल्ली."

कोणी काही बोलले नाही. मुलाने कार्ड पुढे केले. सून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. नातीने तेवढे विचारले, "आजोबा, आपण चूक केली का?" तिलाही कोणी उत्तर दिले नाही.

घरी परतल्यावर दिवा मालवताना पत्नी म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबर होता. पण त्याचा उपयोग कोणाला झाला? पोराचा आनंद गेला, आणि त्या मजुराच्या हातावर एक रुपयासुद्धा पडला नाही."

वाचकहो, हे वाक्य त्या रात्रीपासून माझ्या मनात घर करून बसले आहे. जेथे कोणी अर्धपोटी झोपतो त्या जगात आपण महागडे जेवण जेवावे काय, हा पहिला प्रश्न. आणि ते जेवू नये असे ज्याला वाटते, त्याने केवळ तसे म्हणून मोकळे व्हावे काय, हा दुसरा. पहिल्याची चर्चा आपण सारेच करतो. दुसऱ्याची फारशी कोणी करीत नाही.

त्या पहिल्या घासाने मला नेले ते परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर. १९८६ ते १९८९ ही तीन वर्षे मी सेलू येथे बँकेच्या शाखेत होतो. पत्नी वसईला शाळेत शिकवीत होती, त्यामुळे महिन्या-दीड महिन्याने माझी गावाकडे खेप होई. परतताना जालन्याहून मंठ्यामार्गे येणारी एस.टी. देवगाव फाट्यावर थांबे. जिंतूरकडे जाणारे उतारू आत बसून राहत. सेलूला जाणारे आम्ही उतरून पुढच्या गाडीची वाट पाहत असू. दोन-चार टपऱ्या, पंक्चर काढणाऱ्याचे दुकान, एक लिंबाचे झाड आणि पत्र्याच्या छपराखालचे हॉटेल, एवढीच तेव्हाची त्या फाट्याची वस्ती मला आठवते. ते हॉटेल एक नवरा-बायको चालवीत. तो चहा आणि भज्यांची कढई सांभाळी. ती चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापी. सोबत पिठले, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा.

१९८७ च्या मे महिन्यात एकदा वाटेत गाडी बिघडली आणि फाट्यावर पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. सेलूची शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती. हॉटेलची चूल विझली होती. पिशवी उशाला घेऊन मी बाकड्यावर आडवा होणार, तोच ती बाई बाहेर आली. "उपाशी कशाला झोपायलात साहेब? बसा. हाय ते वाढते." दोन भाकरी, लसणाची चटणी आणि ताकातल्या कण्यांचा वाडगा. मी पोटभर जेवलो. मी जेवत असताना ती दाराशी उभी होती, एवढे मला आठवते. ती जेवली की नाही, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

सकाळी पैसे देत असताना त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा आईला म्हणाला, "आपल्या भाकरी ह्यांनीच खाल्ल्या का?" आईने त्याला डोळ्यांनीच दटावले. मी ओशाळून दहाची नोट पुढे केली. तिने नेहमीच्या जेवणाचे अडीच रुपये ठेवून घेतले आणि साडेसात परत केले. मी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "जास्तीचं कशाला? हॉटेलात जेवलात, हॉटेलाचा भाव." आणि मग माझा पडलेला चेहरा पाहून, "बहात्तरला आम्ही मिलो खाऊन दिवस काढलेत साहेब. एका रातीनं काय होतंय?"

तरुण वाचकांसाठी सांगायला हवे की, १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परदेशातून आलेली तांबडी ज्वारी वाटली गेली. तिचे नाव मिलो. आपल्या ज्वारीची चव तिला नव्हती. पण तिने आणि दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीने असंख्य माणसे जगवली. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या त्याच कामांतून रोजगार हमीची योजना रुजली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप आले. म्हणजे मुंबईच्या त्या मेजावर बसून मी ज्या मजुरीने भागाकार केला, ती मजुरी त्या बाईच्या दुष्काळातूनच जन्मली होती. मला आकडा आठवला. बाई आठवली नाही, किंवा आठवली तरी तिच्याविषयी मी एक अक्षर बोललो नाही.

आता प्रश्नाकडे वळू.

महागड्या जेवणाच्या समर्थनार्थ सहसा दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, पैसा माझ्या घामाचा आहे, तो कसा खर्चावा हे मी ठरवीन. या उत्तरात तथ्य आहे. माझ्या मुलाने कोणाला फसवून तो पैसा मिळवला नव्हता. परंतु ख्रिस्ती परंपरेने या उत्तराला नेहमीच एक मर्यादा घातली आहे. खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य करणाऱ्या संत थॉमस अक्विनास यांनीच असेही प्रतिपादन केले की, माणसाजवळ गरजेहून अधिक जे आहे त्यावर निसर्गनियमाने गरिबाच्या पोषणाचा दावा असतो. म्हणजे ‘माझे’ या शब्दाला ख्रिस्ती व्यवहारात कुंपण आहे, पण त्या कुंपणाला फाटकही आहे.

दुसरे उत्तर अर्थशास्त्राचे. आपण तेथे जेवतो म्हणून आचारी, वाढपी, भांडी घासणारा, अळंबी पिकवणारा, दूध घालणारा अशा अनेकांची चूल पेटते. बर्नार्ड मँडेविल या लेखकाने १७१४ मध्ये मधमाश्यांच्या रूपकातून असाच युक्तिवाद मांडला होता. श्रीमंतांच्या चैनीवरच समाजाची भरभराट चालते, असा त्याचा रोख होता. हेही अगदी खोटे नाही. आम्हाला वाढणाऱ्या त्या तरुणाचा पगार आमच्यासारख्यांच्या बिलांतूनच निघतो. मात्र हे उत्तर बाजाराविषयी सांगते, जेवणाऱ्याविषयी काही सांगत नाही. माझ्या जेवणाने कोणाला रोजगार मिळाला म्हणून माझ्या मनाचे काय झाले, हा प्रश्न तसाच उरतो. पोप पहिले ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. या यादीत बिलाची रक्कम कोठेही नाही. भज्यांच्या गाडीवरही माणूस खादाड होऊ शकतो, आणि पंचतारांकित मेजावरही संयमाने जेवू शकतो.

मग त्या मेजावर खटकण्यासारखे काही नव्हतेच काय? होते. त्यासाठी पोलेंताची गोष्ट थोडी सांगावी लागेल.

इटालियन म्हणून आज उंची भोजनगृहांत जे वाढले जाते, त्यातील बराचसा भाग गरिबांच्या चुलीवर जन्मला आहे. मका अमेरिकेतून युरोपात गेला, आणि उत्तर इटलीतील व्हेनेतो, लोंबार्दी या भागांतील शेतमजुरांचे तो मुख्य अन्न झाला. जमीनदाराचा गहू बाजारात जाई, मजुराच्या भांड्यात मक्याची पोलेंता शिजे. सकाळ-संध्याकाळ तेवढेच. त्यातून पेलाग्रा हा भयंकर रोग पसरला. कातडी खरखरीत होई, पोट बिघडे, शेवटी बुद्धिभ्रंश होऊन माणूस मरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत या रोगाचे रुग्ण लाखाच्या घरात होते. अन्नातील एका जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो, हे निश्चित व्हायला १९३७ साल उजाडावे लागले.

आणि हा रोग केवळ इटलीचा नव्हे. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरील पेलाग्राचा अभ्यास केला, तेव्हा तो त्यांना आढळला तो केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये. व्हेनेतोचा मजूर आणि दख्खनचा मजूर एकमेकांचे नावही न ऐकता एकाच रोगाने पिडले, कारण दोघांच्याही ताटात दुसरे काही नव्हते. दोष मक्याचा नव्हता आणि ज्वारीचाही नव्हता. भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी मिळाली तर तीच भाकरी अमृत होते.

तस्कनी प्रांतात शिळ्या पावाची कोशिंबीर करतात, शिळ्या पावाचेच भाज्या घालून घट्ट सार करतात. आपल्याकडे शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकतात, तोच हा प्रकार. ‘त्रात्तोरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थ साधी घरगुती खाणावळ. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात हेच नाव एका पंचतारांकित भोजनगृहाने धारण केले. पुण्यात १९८९ साली ‘ला पिझ्झेरिया’ या नावाने सुरू झालेले शाकाहारी इटालियन भोजनगृह पुढे ‘लिटल इटली’ होऊन अनेक शहरांत गेले. यात गैर काही नाही. गरिबाच्या हाताची चव जगाने उचलली, ही त्या हाताला दिलेली मानवंदनाच आहे. आता ज्वारीही त्याच वाटेला लागली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि शहरांतील उपाहारगृहांच्या याद्यांत ज्वारी-नाचणी मानाने बसली. इकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ आणि लोह-जस्ताने समृद्ध अशी ‘परभणी शक्ती’ ही वाणे दिली. पण त्याच मराठवाड्यात ज्वारीचे कितीतरी क्षेत्र सोयाबीन आणि कपाशीखाली गेले.

खटकते ते एवढेच की, पदार्थ मेजापर्यंत येतो आणि त्याचा कर्ता वाटेत कोठेतरी गळून पडतो. कण्यांना काटा-चमचा मिळतो. कण्या शिजवणारी चुलीपाशीच राहते. वाढणाऱ्या त्या तरुणाला पदार्थाची चव एका चमच्यापुरती ठाऊक असते. जेवण महाग असल्यामुळे हे घडते असे नाही, पण महागाईच्या झगमगाटात हे विसरणे सोपे जाते.

येथवर आल्यावर मला माझीच बाजू बळकट झाल्यासारखी वाटू लागली होती. मग मी बेथानीचा प्रसंग पुन्हा वाचला.

प्रभू येशू मेजावर बसला असता मरियेने अतिशय मोलाचे सुगंधी तेल त्याच्या चरणांवर ओतले. त्यावर एक शिष्य म्हणाला की, हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुरांशी तोच दर ठरतो. म्हणजे त्या शिष्याने सणाच्या मेजावर बसून केला तो भागाकार माझ्यासारखाच होता : तीनशे दिवसांची मजुरी! हिशेब अचूक होता. हिशेब करणारा यहूदा इस्कार्योत होता. आणि शुभवर्तमानकार योहान पुढे निर्दयपणे नोंदवतो की, त्याला गरिबांची चिंता नव्हतीच.

प्रभूने त्यावर दिलेले उत्तर, गरीब तुमच्याजवळ सदैव असतील या आशयाचे, पुष्कळदा गरिबांना टाळण्यासाठी वापरले जाते. परंतु ते शब्द मोशेच्या नियमशास्त्रातले आहेत, आणि तेथे त्यांच्या पाठोपाठ आज्ञा येते ती गरजू बांधवासाठी हात सैल सोडण्याची. ऐकणाऱ्यांना ती पाठ होती. म्हणजे प्रभूने मरियेच्या प्रेमाला उधळपट्टी ठरू दिले नाही, आणि गरिबांचे देणेही माफ केले नाही. एकाच्या नावाने दुसरे बुडवण्याची युक्ती तेवढी त्याने उघडी पाडली.

डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन यांच्या एका कथेत, आणि तिच्यावरून १९८७ मध्ये निघालेल्या चित्रपटात, बाबेत नावाची परागंदा आचारीण लॉटरीत मिळालेले दहा हजार फ्रँक एकाच रात्रीच्या जेवणावर खर्च करते. बारा माणसे, बहुतेक कोरड्या व्रतस्थ वृत्तीची, त्या मेजावर बसतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात या बाबेतचा आवर्जून उल्लेख केला, तो दुसऱ्याला आनंद देण्यातल्या आनंदाविषयी बोलताना. माझ्या मुलानेही त्या संध्याकाळी आपल्या परीने तेलाची कुपीच फोडली होती. त्याची आई चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या ताटांकडे पाहत उभी राहिली होती. तिला एकदा बसवून कोणीतरी वाढावे, एवढीच त्याची इच्छा होती. मी तिच्यावर मजुरीचा आकडा आपटला.

मग श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांच्या दाखल्याचे काय, असे कोणी विचारील. तो श्रीमंत तर रोज ख्यालीखुशालीने जेवत होता आणि त्याची गत आपल्याला ठाऊक आहे. पण दाखल्याचा रोख पाहावा. त्याच्या दाराशी पडलेला माणूस त्याच्या ताटातील उष्ट्याची आस धरून होता, आणि जाता-येता तो त्याला दिसत असला पाहिजे. त्याच्या मेजाला भिंत होती, ती त्याने कधी ओलांडली नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना संत पौलानेही हेच दुखणे दाखवून दिले : प्रभुभोजनासाठी जमलेल्यांत काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि काही उपाशी राहत. तेथे जेवण महाग होते की स्वस्त, याची पौलाने चौकशी केली नाही. एकाच छपराखाली दोन ताटे झाली, हे त्याला सहन झाले नाही.

आणि या दाखल्यात एक गोष्ट अशी आहे जी माझ्या ध्यानात आजवर आली नव्हती. प्रभूच्या सगळ्या दाखल्यांत नाव मिळालेला मनुष्य एकच, तो म्हणजे लाजरस. श्रीमंताला नाव नाही. आपण व्यवहारात नेमके उलटे करतो. मेज राखून ठेवताना आपले नाव नोंदवले जाते, आणि गरीब येतो तो ‘मजूर’, ‘गरीब जनता’, फार तर २९७ रुपये म्हणून. भरमसाट खर्च करणाऱ्याला तर गरीब दिसतच नाही. खर्चावर टीका करणाऱ्या माझ्यासारख्यालाही तो दिसतो असे नाही. त्याला गरिबाचा आकडा पुरतो.

हा विषय केवळ मुंबईच्या इटालियन भोजनगृहांपुरता नाही. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची तेथे वर्षातून एकदाही पायधूळ झडत नाही. पण आपल्या लग्नांचे हॉल, प्रथम कम्युनियनच्या पार्ट्या, पंचविशीचे आणि पन्नाशीचे सोहळे आठवून पाहावे. एका रात्रीच्या जेवणावळीसाठी कर्ज काढणारी घरे आपल्या धर्मग्रामांत आहेत. तेथेही खरा प्रश्न पदार्थांच्या संख्येचा नाही. ते जेवण प्रेमाने वाढले की लोकांनी नावे ठेवू नयेत म्हणून? मांडव घालणारे, पाणी आणणारे, मध्यरात्री भांडी घासणारे त्या जेवणात कोठे बसले? पाहुण्यांत असा कोणी होता काय, ज्याच्याकडून परत आमंत्रण येण्याची शक्यता नव्हती? ही तिसरी कसोटी तर प्रभूनेच घालून दिली आहे.

माझ्यापुरते मी असे ठरवले आहे. सणाचे जेवण सणासारखे जेवावे, आणि ते देणाऱ्याचा हात मागे ओढू नये. सण मात्र क्वचित यावा. रोजची दिवाळी ही दिवाळी राहत नाही. गरिबाचे देणे त्या जेवणाच्या बिलातून वजा करून फेडू पाहू नये, कारण ते वेगळ्या खात्यातले देणे आहे आणि आपण जेवलो नाही तरी ते शिल्लकच असते. आणि जेवणाच्या मेजावर मजुरीचा हिशेब करायचा असेल, तर ज्याने खर्च केला त्याच्या तोंडावर न मारता आपल्या पासबुकावर करावा. त्या रात्रीनंतर मी तो केला. चाळीस वर्षांच्या नोंदींत देणग्यांच्या रकमा होत्या, त्यांच्या पावत्याही होत्या. एकाही ओळीत फाटा नव्हता.

या विचारांपर्यंत येईतो पावसाळा लागला होता. एका रविवारी मुलाला बाजूला बसवून मी त्याची क्षमा मागितली, आणि त्या संध्याकाळी मी तसे का बोललो हे सांगताना देवगाव फाट्याची ती रात्र प्रथमच त्याला सांगितली. दोन भाकरी, कण्यांचा वाडगा, दाराशी उभी असलेली बाई, तिने परत केलेले साडेसात रुपये. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "पप्पा, हे तुम्ही आम्हाला तिथे मेजावर का नाही सांगितलं? आम्ही ऐकलं असतं."

मी निरुत्तर झालो. खरेच, पोलेंताची ताटली पुढ्यात असताना ती गोष्ट सांगितली असती, तर त्या बाईला आमच्या मेजावर जागा मिळाली असती. नातीला कळले असते की आजोबांनी एकदा दुसऱ्या एका मुलाच्या वाट्याची भाकरी खाल्ली होती. कदाचित पुढचे काही आम्ही पाचही जणांनी मिळून ठरवले असते. मी तिला अठ्ठेचाळीस दिवसांत गुंडाळून बिलाखाली ठेवून दिले.

नात शेजारी खेळत होती. तिचे लक्ष आहे असे वाटले नव्हते. तिने मान वर करून विचारले, "आजोबा, त्या बाईंचं नाव काय होतं?"

तीन वर्षे मी तिच्या हातची भाकरी खाल्ली. एका रात्री तिच्या मुलाच्या वाट्याचीही खाल्ली. नाव मी कधी विचारलेच नव्हते.